बिनपासची साक्षीदार

बायका-मुली पाण्यात असताना जीवरक्षकानं फोन जवळ ठेवायचा नाही, हा आमच्या पोहण्याच्या क्लबातला नियम आहे आणि मी तो पाळते. त्या दिवशी दुपारी बायकांची बॅच आटोपून कपाट उघडलं तर उदगीरचे सात मिस कॉल. वडोदऱ्यात येऊन मला अठरा वर्षं झाली, तरी गावाकडचा फोन दिसला की आधी वाईटच मनात येतं... या वेळी ते खरं निघालं. धाकटा भाऊ म्हणाला, "मंदे, सुवर्णाअक्का गेली. कावीळ झालती. पंधरा दिस बी टिकली न्हाई." मी म्हटलं, "निघाले मी, थांबवा." तो म्हणाला, "झालं समदं सकाळीच. बसवून दिलं, हातावर लिंग ठिवून." अक्का लिंगायत. त्यांच्यात माणसाला जाळत नाहीत, बसवून माती देतात, आणि जन्मभर अंगावर बाळगलेलं इष्टलिंग डाव्या तळहातावर ठेवतात. ज्या लिंगावरून तिचा पोहण्यातला राष्ट्रीय विक्रम खोडला, ते असं तिच्याबरोबर गेलं. ज्यांनी खोडला ते मात्र धडधाकट आहेत, सभांना जातात, हार घालून घेतात. हे मी लिहितेय ते दुःखानं कमी आणि रागानं जास्त, हे आधीच सांगून टाकते. मी आठवीतून शाळा सोडलेली बाई. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर संपादकांनी नीट करावं, मजकुराला मात्र हात लावू नये, एवढी हात जोडून विनंती.

माझा बाप अक्काच्या वडिलांच्या, म्हणजे अप्पांच्या मळ्यात सालानं होता. अप्पांचं उदगीरच्या मोंढ्यात आडत दुकान आणि गावाबाहेर मळा. मळ्यातल्या विहिरीत आमच्या घरच्यांनी उतरायची रीत नव्हती. पाणी वरून मिळायचं. अक्का माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. एका उन्हाळ्यात तिनं गोडेतेलाचा रिकामा डबा माझ्या पाठीला बांधला आणि मला कडेवरून सरळ ढकलून दिलं. मी बोंबलले, "अक्का, मी मरंन!" ती वरून म्हणते, "तू मरशील, पर डबा मरू देत न्हाई. हात मार!" तिच्या आईला, अव्वांना, कळलं तेव्हा त्या तणतणत आल्या, "पाणी बाटवलंस कार्टे, आता काय करू?" अक्का गळ्यापर्यंत पाण्यात उभी होती. म्हणाली, "अव्वा, तूच उतर अन् उपसून टाक. बादली देऊ का?" अप्पा बांधावर बसले होते. त्यांना हसू आवरेना, आणि त्या हसण्यावरच ते प्रकरण मिटलं. आज महिन्याला माझ्या हातात जो पगार पडतो, तो त्या डब्यामुळं पडतो.

अक्काचं पोहणं म्हणजे बेडूकपोहणं, ज्याला ब्रेस्टस्ट्रोक म्हणतात. विहीर केवढी, चार हातात पलीकडचा दगड लागायचा. म्हणून अप्पांनी बैलाचा कासरा तिच्या कमरेला बांधला, दुसरं टोक पायरीच्या कडीला. ती तासन् तास एकाच जागी पोहायची, कासरा ताणलेला, आणि अप्पा मनगटावरच्या घड्याळात बघत ओरडायचे, "ढिला पडला! कासरा ढिला पडला!" महिन्यातून एकदा लातूरच्या जलतरण तलावावर नेऊन खरी वेळ लावायची. तिथली पोरं पहिल्यांदा तिला हसली. दुसऱ्यांदा हसली नाहीत. ती राज्यात पहिली आली आणि राष्ट्रीय स्पर्धेला निवडली गेली, तेव्हा एकच अडचण उरली होती. चांदीच्या डबीतलं लिंग गळ्यात असायचं आणि प्रत्येक हाताला ते हनुवटीवर आपटायचं. ते अंगावेगळं करायचं नाही, आंघोळीला नाही, झोपेत नाही. अप्पा म्हणाले, "काढून ठिव म्हणणार न्हाई, अन् पोहू नको बी म्हणणार न्हाई. तुझं तू बघ." तिनं बघितलं. डबी घरी ठेवली, लिंग धुवट कापडात गुंडाळलं आणि पोहण्याच्या पोशाखाच्या आत छातीवर चिकटपट्टीनं बसवलं. स्पर्धेपर्यंत ती तशीच पोहली.

स्पर्धा दक्षिणेतल्या एका शहरात होती. एकट्या पोरीला कसं पाठवायचं, म्हणून अप्पांनी सोबत मला पाठवलं. मी पंधरा वर्षांची. आमच्या संघाच्या मॅनेजरबाई भल्या होत्या. संघातली एक मुलगी तापानं मागे राहिली होती, तिचा पास त्यांनी माझ्या गळ्यात अडकवला, म्हणजे मला अक्काजवळ थांबता येईल. शर्यतीच्या सकाळी पट्टी मी लावली. दोन पट्ट्या, एकीवर एक आडवी. घाबरून मी एक जरा लांबच कापली आणि तिचं टोक गळ्याशी पोशाखाबाहेर बोटभर डोकावत राहिलं. ते बोटभर टोक मी सव्वीस वर्षं रोज बघतेय...

अंगावर कसलीही पट्टी असली तर पंचांना विचारावं लागतं, हे अक्काला ठाऊक होतं. ती स्वतः मुख्य पंचांकडे गेली. मी टॉवेल घेऊन तिच्या मागं, हातभर अंतरावर. पंच आपल्याच राज्यातले, मराठी बोलणारे. त्यांना इथं नुसतं सर म्हणते. त्यांच्या मेहुण्याच्या क्लबातली मुलगी त्याच शर्यतीत होती, हे आम्हाला नंतर कळलं. अक्कानं सांगितलं, "सर, लिंग हाय. काढता येत न्हाई आमच्यात. ही पट्टी." सरांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, "आतच आहे ना? मग जा, पोह." एवढं बोलणं. अक्षर अन् अक्षर मला पाठ आहे.

ती जे पोहली ते मी वर्णून सांगू शकत नाही. पहिल्या वळणाला तिसरी होती, दुसऱ्याला बरोबरीत, आणि शेवटच्या लांबीत तिच्या नि बाकीच्यांच्या मध्ये नुसतं पाणी. जणू त्या दिवशी कुणीतरी कासरा सोडला होता. फळ्यावर आकडे आले आणि भोंग्यातून आवाज आला, नवा राष्ट्रीय विक्रम, पुढे तिचं नाव, पुढे महाराष्ट्र. देशात तोवर कुणी बाई एवढ्या कमी वेळात ते अंतर पोहली नव्हती. माझ्या हातून टॉवेल पाण्यात पडला. अक्का पाण्यातच उभी राहून म्हणाली, "मंदे, उदगीर म्हणले का गं?" मी म्हटलं, "न्हाई, महाराष्ट्र म्हणले." "जाऊ दे, अप्पाला आपुन सांगू," ती म्हणाली.

चहा प्यावा एवढा वेळही गेला नसेल, भोंगा परत वाजला. अंगावर विनापरवाना पट्टी, खेळाडू बाद. सुवर्णपदक दुसऱ्या आलेल्या मुलीला, म्हणजे मेहुण्याच्या क्लबात. मॅनेजरबाईंनी तक्रार केली तेव्हा अधिकाऱ्यांच्या खोलीत बोलावणं आलं. खोलीत जायच्या आधी सरांनी मला व्हरांड्यात गाठलं. माझ्या गळ्यातला पास उलटा करून वाचला आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "हे नाव तुझं नाही. दुसऱ्याच्या पासवर आत आलीस तू. मी तोंड उघडलं तर तुमच्या संघातल्या सगळ्या पोरी घरी जातील. कळतंय ना बाळ?" बाळ म्हणाले ते मला. मग आत, चार मोठ्या माणसांसमोर, त्यांनीच विचारलं, "ही मुलगी तिथं उभी होती म्हणतात. काय गं, मी परवानगी दिल्याचं ऐकलंस तू?" अक्का माझ्याकडे बघत होती. मी फरशीकडे बघितलं आणि म्हटलं, "न्हाई."

परतीच्या गाडीत मी खिडकीला डोकं लावून बसले. आता ती विचारील, मग विचारील... दोन स्टेशनं गेली. तिनं जेवणाचा डबा उघडला, भाकरीचे दोन तुकडे केले आणि मोठा मला दिला. "खा. तुझं तोंड बघून राहिलेत समदे." व्हरांड्यात काय झालं ते मी तिला सांगितलं नाही आणि तिनं पुढं कधीही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. उलट माझं लग्न ठरलं तेव्हा अडून बसली, "आधी जीवरक्षकाची परीक्षा देऊ द्या तिला, मग न्या कुठं न्यायची ती." लातूरला स्वतः घेऊन गेली, फॉर्म स्वतः भरला. वडोदऱ्यात नवऱ्याचं काम सुटलं तेव्हा त्याच कागदावर मला क्लबात नोकरी लागली, दोन पोरं शिकली. ज्या बाईच्या विरुद्ध मी साक्ष फिरवली तिनं मला भाकरी दिली, एकदा गाडीत आणि एकदा जन्मभराची. हे उपकार अंगात रुतून बसतात. माझ्या स्वतःवरच्या रागाला त्यामुळं जागाच राहिली नाही. मग तो सगळा राग सरांकडे गेला. त्यांचा पेपरात फोटो आला की मी कापून ठेवायची. पूजा करायला नव्हे. रोज तळपट व्हावं म्हणून. त्यांना कसला तरी पुरस्कार मिळाला त्या दिवशी मी जेवले नाही.

आता लोक म्हणतील, एवढं काय त्या विक्रमाचं, तो पुढं कितीतरी जणींनी मोडला असेल. मोडला. मला ठाऊक आहे, मोबाईलवर ती यादी मी दरवर्षी बघते. एक नाव जातं, दुसरं येतं, तेच तर विक्रमाचं भाग्य. मोडायला आधी तो असावा लागतो. अक्काचा तर कुणाला मोडायलासुद्धा मिळाला नाही.

अक्का गेल्याला महिना होत आला तेव्हा लातूरच्या तलावावर श्रद्धांजलीची सभा ठेवली. तिनं पुढं मळ्यातल्या विहिरीत पोहायला शिकवलेल्या पोरी नांदेड, देगलूर, निलंग्याहून आल्या होत्या. मी रजा काढून गेले आणि मंचावर बघते तर अध्यक्ष म्हणून सर! केस पांढरे, पोट सुटलेलं, आवाज तोच. त्यांनी अप्पांच्या खांद्यावर शाल घातली. ऐंशीच्या पुढचे अप्पा, त्यांना हल्ली माणसं पटकन ओळखू येत नाहीत. सर बोलायला उभे राहिले. "सुवर्णा मला मुलीसारखी. एका तांत्रिक चुकीनं तिचा राष्ट्रीय विक्रम हुकला. नियमापुढं माझाही इलाज नव्हता. नशीब म्हणतात ते हेच..." आणि डोळे पुसले. पुढं जाहीर केलं की तिच्या नावानं ढाल ठेवणार, ती दरवर्षी ते स्वतः देणार.

मी आयुष्यात माइकवर बोललेली नाही. क्लबात मोठ्या बाईनं हाक मारली तरी मला घाम फुटतो. पण पाय निघाले. निवेदक म्हणाला, "ताई, तुमचं नाव यादीत नाही." मी म्हटलं, "व्हय, माझं नाव कदी बी यादीत नसतंय. तवा बी दुसरीच्या पासवर होते." सरांनी मान वर केली. माझी खात्री आहे, त्याच क्षणी त्यांनी मला ओळखलं. मी सगळं सांगितलं. पट्टी सांगितली, 'आतच आहे ना, मग जा, पोह' सांगितलं, व्हरांडा सांगितला, बाळ सांगितलं आणि माझं 'न्हाई' पण सांगितलं. सर हसून माइककडे सरकले, "या भगिनी तेव्हा लहान होत्या. इतक्या वर्षांनी स्मृती..." मी विचारलं, "सर, मी लहान होते तर माझी साक्ष तवा कशी चालली? तवा खरी अन् आता खोटी?" मागून एक पोरगी मोठ्यानं हसली. सरांच्या कपाळावर आलेला घाम मी बघितला. खरं सांगते, मला बरं वाटलं. अजून वाटतं. अप्पांनी खांद्यावरची शाल काढली, नीट घडी घातली आणि सरांच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवून मला म्हणाले, "चल घरला."

गाडीत मला वाटलं ते माझी पाठ थोपटतील. मळ्याशी उतरल्यावर म्हणाले, "पोरी, तवा बोलली असतीस तर तिनं ऐकलं असतं." ते थांबले नाहीत, काठी टेकत विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीकडे गेले आणि दार ढकललं. ही खोली मी आत जाऊन कधी बघितली नव्हती. मी वडोदऱ्याला गेल्यावर अक्कानं खोलीच्या आतल्या भिंतीला चुना देऊन रकाने आखले होते आणि तिच्या प्रत्येक पोरीची सगळ्यात चांगली वेळ तेलरंगानं लिहिली होती. नाव, गाव, अंतर, वेळ आणि शेवटी रुंद रकाना : साक्ष. त्यात प्रत्येक वेळेपुढं दोन नावं, ज्याची त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलेली. कुणाची आई, कुणाचा रिक्षावाला, कुणाची मैत्रीण. अप्पा म्हणाले, "दोन साक्षी असल्याबिगर भिंतीवर घ्यायची न्हाई कुणाला. लई रडायच्या पोरी. ऐकायची न्हाई." सगळ्यात वरची ओळ मात्र कोरी होती. अप्पांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, "माझ्या वेळेला साक्ष कुठाय अप्पा?"

रंगाचा डबा सुकत आला होता. मी रॉकेल घालून ढवळला. स्टुलावर चढून वरच्या ओळीत तिचं नाव लिहिलं, पुढं उदगीर, पुढं अंतर आणि त्या दिवशी फळ्यावर आलेली वेळ. मग शेवटच्या रकान्यात माझं नाव, बापाच्या नावासकट, आडनावासकट. अक्षर वाकडं आलंय. अप्पा खालून बघत म्हणाले, "ही एक झाली. दुसरी?"

दुसरी जागा मी मोकळी ठेवली आहे, सर. ते वाक्य त्या दिवशी अक्काशिवाय दोघांनीच ऐकलं, मी आणि जे बोलले ते. तुमची ढाल उदगीरला नको, अक्काच्या पोरी ती घेणार नाहीत, त्यांनी मला तसं सांगितलंय. तुम्हाला द्यायचंच असेल तर मळ्यावर या आणि स्वतःच्या हातानं तुमचं नाव लिहा. नाही आलात तर प्रत्येक नवी पोर आत येईल तेव्हा विचारील, ही जागा कुणाची? अप्पा आहेत तोवर अप्पा सांगतील. पुढं मी शिकवून ठेवलेल्या पोरी सांगतील, तुमच्या पूर्ण नावानिशी.