हात मोजायची सकाळ

हे मी अजून कुणालाच बोललेलो नाही. आईला नाही, आत्येला नाही. ऑफिसातल्या मोनेला अर्धं माहीत आहे, पण अर्धं माहीत असलेला माणूस नुसता हसतो. तुला सगळं सांगतो. मध्येच गप्प बसलो तर बसू दे जरा, परत सुरू करीन.

मी नकला करतो हे तुला ठाऊक आहेच. लांज्याच्या शाळेत हेडमास्तरांची नक्कल करत होतो आणि मागे हेडमास्तरच उभे. पण तेही हसले यार. तेव्हापासून डोक्यात बसलं — नक्कल फिट्ट जमली की सगळं माफ. मग बोरिवलीला आत्येकडे आलो, अंधेरीला बसच्या ऑफिसात टेंपररी कारकून म्हणून चिकटलो, तिथेही तेच चालू. कंडक्टर, शिपाई, कॅन्टीनवाला शेट्टी, कुणाला सोडलं नाही. पण सगळ्यात झकास जमायचे ते आमचे देवधर साहेब. नाकातून बोलणार, आणि प्रत्येक वाक्याआधी, ‘हे बघा, त्याचं असं आहे.’ जेवणाच्या सुट्टीत लोक डबे घेऊन माझ्या टेबलाशी यायचे. मला ते आवडायचं. खूपच आवडायचं — हे पण सांगायलाच पाहिजे ना?

आमचं खातं म्हणजे नवीन बस कुठे न्यायची ते ठरवणारं. भिंतीवर उपनगरांचा मोठा नकाशा, त्यावर टाचण्या, टाचण्यांना लाल दोरे. मालाड, मुलुंड, घाटकोपर, जिकडेतिकडे वस्ती वाढत होती आणि जो तो अर्ज घेऊन यायचा, आमच्याकडे बस द्या. बसगाड्या कुठे होत्या एवढ्या? मग साहेबांची एक पद्धत होती. मार्ग पक्का करायच्या आधी एका सकाळी रिकामी बस त्या रस्त्यानं न्यायची. साहेब पुढे बसणार, कारकून मागे कागद घेऊन. जिथे स्टॉप होणार तिथे किती माणसं बसला हात करतात, ते लिहायचं. पोरं धरायची नाहीत, मोठेच. आम्ही त्याला ‘हात मोजणे’ म्हणायचो. हात कमी, तर फाइल बंद.

घाटकोपरला आंबेटेकडी म्हणून वस्ती आहे. तिथले सावंत आमच्याकडे यायचे. मालवणकडचे, गिरणी बंद पडल्यापासून घरीच. दीड वर्ष येत होते रे. दर वेळी इस्त्रीचा शर्ट, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत अर्जाची नक्कलप्रत. एकदा मी टेकडीवर मापं घ्यायला गेलो तेव्हा त्यांनी मला मंडळाच्या खोलीतली एक लाकडी खुर्ची दाखवली. हातांच्या खाली दोन बांबू बांधलेले. टेकडीवर कुणी आजारी पडलं की त्या खुर्चीत बसवून चार जण खाली रस्त्यापर्यंत न्यायचे. त्यातही जास्त करून सावंतांची बायकोच बसायची. काकींचे दोन्ही पाय लुळे पडले होते, आठवड्यातून दोनदा इस्पितळात न्यावं लागायचं. सावंत म्हणाले, “बस वर इली तर ह्या खुर्चेक इश्रांती गावात.” मी हसलो. खुर्चीला विश्रांती, हे मला मजेशीर वाटलं. त्याच दिवशी ऑफिसात त्यांचं ते वाक्य करून दाखवलं.

बस एकच शिल्लक होती. आंबेटेकडी नाहीतर मुलुंडची एक नवीन कॉलनी, दोघांपैकी एकालाच मिळणार. कॉलनीतले हात मोजून झाले होते. टेकडीचे बुधवारी सकाळी मोजायचे होते. सावंतांनी घराघरात जाऊन सांगून ठेवलं होतं, लोकांनी अर्ध्या दिवसाच्या रजा टाकल्या होत्या. स्टॉपच्या जागी त्यांनी एक दगड चुन्यानं रंगवून ठेवला होता.

मंगळवारी दुपारी साहेब हेड ऑफिसला गेलेले. मी त्यांच्या खुर्चीत बसून चालू. मोने म्हणाला, “समोर तोंड दिसतं म्हणून लोक हसतात रे. फोनवर कर, लगेच पकडला जाशील.”

मी म्हटलं, “पैज?”

“कुणाला करशील?”

समोर सावंतांची फाइल होती. तिच्यावर पत्त्याखाली नंबर, टेकडीच्या पायथ्याच्या वाण्याचा. कसं चालायचं माहीत आहे? वाणी फोन बाजूला ठेवून वर बघून ओरडायचा, मग एका घरातून दुसऱ्या घरात ती हाक वर वर जायची आणि माणूस धावत खाली यायचा. मी फोन लावला. थांबलो. मोने तोंडावर फाइल धरून हसत होता. खूप वेळानं पलीकडे धापा ऐकू आल्या.

“हॅलो — साहेब — मी सावंत बोलतंय. धावत इलंय, जरा दम लागलो हा.”

मी नाकातून म्हणालो, “हे बघा, त्याचं असं आहे. उद्याची फेरी रद्द. सोमवारी येऊ आम्ही. लोकांना तसं कळवा.”

सावंत म्हणाले, “साहेब, लोकांनी रजा घेतल्यानी हत... बरां, बरां. तुम्ही म्हणतास तसां. फोन केलात, उपकार झाले.”

उपकार झाले म्हणाले.

दहा मिनिटांनी परत फोन करून सांगायचं, सावंत, मी बोलतोय, गंमत केली — असं ठरलं होतं. खरंच ठरलं होतं का? मोनेला तसं बोललो होतो, एवढं नक्की. पण पाच मिनिटांत साहेबच आले. लवकर परत आले. मला खुर्चीतून उठवलं, दोन कागद बघितले, फोनच्या डायलला ते छोटं कुलूप लावलं, किल्ली खिशात, आणि घरी गेले. जाताना म्हणाले, “उद्या घाटकोपर, सातला डेपोत या.”

आता तू म्हणशील, बाहेरून फोन करायचा. हो. स्टेशनसमोर फोन होता. किंवा सरळ टेकडीवर जायचं, संध्याकाळचे साडेपाचच वाजले होते. हो. मी गेलो नाही. मुलुंडला आमच्या एकांकिकेची तालीम होती, मी तिथे गेलो. घाटकोपर वाटेतच आहे. मी उतरलो नाही. सावंतांना सांगितलं असतं तर ते साहेबांना बोलले असते, आणि माझं कायम व्हायचं पत्र त्याच महिन्यात यायचं होतं. एवढंच. ह्याच्याहून मोठं कारण शोधलं मी, सापडलं नाही.

तालमीत मी चांगलं काम केलं. सगळे हसले.

सकाळी बस टेकडीवर चढली. चुन्याचा दगड लांबूनच दिसला, पांढराशुभ्र. शेजारी कुणी नाही. कामावर जाणारे कामावर गेले होते. दोन पोरं बसमागे धावली. एक म्हातारी हंडा घेऊन उभी होती, ती बस बघत राहिली, हात केला नाही. साहेबांनी मागे वळून विचारलं, “काय हो, एकही नाही?”

मी म्हटलं, “नाही साहेब.”

“दीड वर्ष डोकं खाल्लं ह्या माणसानं.”

मी कागदावर शून्य लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे, शून्यसुद्धा गोल आलं.

इथपर्यंत सांगायला मला तितकं जड जात नाही. गंमत अंगाशी आली, असं म्हणता येतं ना इथपर्यंत? पुढचं राहिलं आहे.

बस वळून खाली उतरत होती. अर्ध्या उतारावर ती खुर्ची पुढे आली. चार जण, खांद्यावर बांबू, खुर्चीत काकी, मांडीवर डबा. फेरी रद्द म्हटल्यावर सावंत त्यांना इस्पितळात घेऊन निघाले होते. आमच्या बससाठी ते चौघे भिंतीला चिकटून उभे राहिले, काकींचे पाय बसच्या पत्र्याला लागतील की काय इतके जवळ. मागे सावंत. त्यांनी बस बघितली. नीट बघितली — आधी बस, मग साहेब, मग मी. आणि मग त्यांनी हात वर केला. बस थांबवायला करतात तसा.

ड्रायव्हर म्हणाला, “एक हात आहे बघ रे.”

साहेब पेपर वाचत होते. बस हळू झाली होती. मी एवढंच म्हणायचं होतं, थांबवा. एक शब्द. मी म्हणालो, “इथे स्टॉप नाही. धरायचा नाही.”

बस पुढे गेली. मागच्या काचेतून दिसत होतं. हात वरच होता.

दुसऱ्या दिवशी सावंत आले. इस्त्रीचा शर्ट. साहेबांसमोर उभे राहून म्हणाले, तुम्हीच फोन केलात, मी तुमचोच आवाज ऐकलंय. साहेब म्हणाले, “हे बघा, त्याचं असं आहे. मी फोन केलेला नाही. म्हणजे मी खोटं बोलतो असं म्हणायचंय का तुम्हाला?” दोघंही खरंच बोलत होते, आणि मी तिथेच टाचण्यांचा डबा घेऊन उभा होतो. मोने खिडकीबाहेर बघत होता. सावंत आवाज चढवायला लागले तसे साहेब उठले आणि मला म्हणाले, “तो घाटकोपरचा दोरा काढा.” मी काढला.

सावंत बाहेर बाकावर जाऊन बसले. मी त्यांना चहा नेऊन दिला. का नेला, माहीत नाही. टेकडीवरचे लोक म्हणत होते की सावंतांनीच दिवस चुकवला, रजा फुकट घालवली. मंडळाच्या पोरांनी तोंडावर सांगितलं, काका, तुम्ही आता घरी बसा. हे सगळं त्यांनी मलाच सांगितलं. मग चहा संपवून माझ्या खांद्यावर हात ठेवला. “ह्या हापिसात तू एकलोच माणूस गावलंस, झिला.”

मी मान हलवली.

बस मुलुंडच्या कॉलनीला गेली. माझं पत्र आलं, मी कायम झालो. पुढच्या वर्षी वाण्याकडे सहज चौकशी केली तर म्हणाला, सावंत बायकोला घेऊन गावी गेले. खुर्ची उचलायला रोज रोज चार माणसं कोण देणार? इस्पितळ इथे होतं, गावाला नव्हतं. पुढे काय झालं ते मी विचारलं नाही. वाण्यानं सांगायला तोंड उघडलं होतं, तेवढ्यात मी काडेपेटी मागितली.

मला ह्याचं रडू येत नाही. येईल असं वाटलं होतं. जेवतो, झोपतो, नकाशावर दोरे लावतो. देवधर साहेबांची नक्कल लोक अजून मागतात, मी म्हणतो, तो आवाज गेला आता. गेलेला नाही. आणि अजून एक आवाज मला येतो, कधी बसून घोटला नाही तरी पक्का झालेला — आधी धापा, मग हॅलो, मग साहेब, मग ते ‘उपकार झाले’. अगदी हुबेहूब. घरी कुणी नसताना एकदा करून बघितला. पूर्ण केला, आणि बसून राहिलो.