व्याह्याच्या दोन पावलं पुढे

सिद्धाराम यांचा उभा जन्म चादरीच्या कारखान्यात मागांच्या खडखडाटात गेला. दिवसभर उभंच राहायचं. त्यामुळे निवृत्तीनंतर आरामात बसणं हा आपला हक्क आहे, असं त्यांचं पक्कं मत होतं. शुगर निघाली तेव्हा डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. आठवडाभर चालले. मग कधी कुत्री आडवी आली, कधी गुडघा कुरकुरला. बायको शांतम्मा सांगून सांगून थकली आणि तिनं नाद सोडला.

त्यांना घराबाहेर काढलं ते व्याही मल्लप्पांनी. दुधनीचं भुसार दुकान धाकट्या मुलावर सोपवून मल्लप्पा थोरल्याकडे सोलापुरात राहायला आले, तेही शेजारच्याच गल्लीत. वयानं मोठे, पण पोट सपाट, पाठ ताठ. पहाटे संभाजी तलावावर फिरायचे आणि परतताना लेकीकडे चहाला यायचे. लेक म्हणजे सिद्धारामांची सून महेश्वरी.

"आमचे अप्पा एक दिवस चुकवत नाहीत," ती म्हणायची.

शांतम्मानं एकदा री ओढली. "माणसानं असं ऱ्हावं की!"

सिद्धाराम अर्धा चहा तसाच ठेवून उठले. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत ते तलावावर हजर.

"बीगरे, तुमी हितं?" मल्लप्पांना आनंद झाला. व्याह्याला ते कानडीतच हाक मारत.

"रोजच येतो की," असं ठोकून देऊन सिद्धाराम तरातरा पुढे गेले आणि वळणापलीकडे झाडाला धरून धापा टाकत उभे राहिले.

पण तेव्हापासून त्यांची पहाट चुकली नाही. अंथरुणात कूस बदलली, की मल्लप्पा आत्ता चप्पल घालत असतील असं वाटे आणि झोप उडे. शुगर उतरली. "हे कसं जमवलंत?" डॉक्टरांनी विचारलं. व्याह्यांवर जळतोय म्हणून जमलं, हे सिद्धाराम कसं सांगणार?

मग मल्लप्पा तलावावर दिसेनासे झाले. चहालाही येईनात. पहिल्या दिवशी सिद्धारामांना आनंदाच्या उकळ्या फुटल्या. चार-पाच दिवसांत त्यांचेच पाय जड झाले. मागे टाकायला कुणी नसेल तर चालायचं कशाला? शेवटी ते व्याह्यांकडे गेले. मल्लप्पा गॅलरीत एकटेच बसले होते.

"तलावाच्या पायरीवर घसरून पडलो," ते हळूच म्हणाले. "लागलं न्हाई, पण आता अंधारात एकट्याला लई भ्या वाटतंय. महेश्वरीला बोलू नका, बीगरे. ती बाहेरच पडू देणार न्हाई."

क्षणभर सिद्धारामांना बरं वाटलं, अगदी गारगार. मग व्याह्यांच्या कोपऱ्यात पडून राहिलेल्या चपला दिसल्या.

"उद्या खाली थांबतो. माझ्यासंगं चला," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी फिरून दोघं बरोबरच घरी आले. तलावाच्या पायऱ्यांशी मल्लप्पांनी सिद्धारामांचा दंड धरला होता, तो घराच्या दारापाशी सोडला.

"बघितलंत?" महेश्वरी शांतम्माला म्हणाली. "मधे कणकण होती म्हणे, तरी अप्पा परत सुरू झाले! मनाचे पक्के आहेत."

"व्हय बाई," शांतम्मा म्हणाली, "आणि ह्यांनाबी वळण लावलं."

सिद्धारामांच्या कानशिलात आग उठली. एका वाक्यात सगळं उलटं करता आलं असतं. मल्लप्पा खाली बघत बशीत चहा ओतत होते.

"लावलं खरं," सिद्धाराम कसेबसे म्हणाले आणि आंघोळीला उठून गेले.