कट्ट्याची बोली

आमच्या धंद्यात नाणं कधी ना कधी विकलं जातं. किस्से मात्र पडून राहतात, त्यांना गिऱ्हाईक नाही! परवा हसनचाचा मालवण सोडून लेकीकडे कल्याणला कायमचे गेले, तेव्हापासून हा सगळा जुना माल माझ्या डोक्यात नुसता खुळखुळतोय.

जुनी नाणी घेणारे-विकणारे आम्ही चौघं. मालवणचे चाचा आमचे गुरू. कुणकेश्वरला देवळाबाहेर स्टॉल लावणारा बाबल, वैभववाडीच्या नलूताई आणि कट्टा गावातला दुकानदार मी. बाहेरचं गिऱ्हाईक क्वचित, म्हणून एकमेकांचंच घ्यायचं आणि एकमेकांशीच भांडायचं!

आता व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. दुपारी फोटो टाकायचा, दिवेलागणीपर्यंत ज्याची बोली वर, नाणं त्याचं. पूर्वी बाजाराच्या दिवशी कट्ट्याला टपरीवर जमायचो. काय मजा होती हो! नलूताईंना लांब पडायचं, म्हणून त्या बोलीची चिठ्ठी एसटीच्या कंडक्टरकडे द्यायच्या. एकदा चिठ्ठी उघडली, तर त्यांच्या आकड्याखाली वेगळ्याच अक्षरात लिहिलेलं, 'माझे पन्नास वर. कंडक्टर.'

नाणं त्यालाच गेलं! पैसे मागितले, तर म्हणतो कसा, "सुटे नाय, उद्या देतंय!"

ग्रुप नवा होता तेव्हाची गोष्ट. बाबलने मेव्हण्याला पाठवायचा सुरमईचा फोटो चुकून ग्रुपवर टाकला. चाचांची नजर तेव्हाही अधू. लगेच मेसेज, "पाठली बाजू दाखय. वजन किती?"

आता, घासूनपुसून धुतलेलं नाणं आमच्यात कुणी घेत नाही, त्याची किंमत उतरते. नलूताईंनी संधी सोडली नाही. लिहिलं, "धुतलेली नाही ना?"

बाबल दोन दिवस ग्रुपवर फिरकला नाही.

मग लेकीने चाचांना नवा फोन दिला, नंबरही नवा. जुना नंबरही ग्रुपमध्ये राहिला होता. बाबलच्या एका नाण्यावर चाचांनी नव्या फोनवरून बोली टाकली आणि मग जुना उघडून बघितला. कुणीतरी अनोळखी नंबर आपल्यासारखाच पेटलाय! पठ्ठ्याने त्याच्यावर बोली चढवली. मग इकडून, मग तिकडून. शेवटी मला फोन, "हो कोण नवो इलो रे? थांबणाच नाय!"

मी सांगितलं, "चाचा, ते तुम्हीच!"

"मगे माघार कित्याक घेव?" म्हणाले आणि आणखी शंभर वाढवले!

जायच्या आदल्या आठवड्यात त्यांनी सगळा संग्रह ग्रुपवर काढला. लेकीचं घर लहान, तिकडे नाणी न्यायची नाहीत असं ठरलेलं. आम्ही तुटून पडलो. बाबल आणि नलूताई तर एका चांदीच्या रुपयावरून हमरीतुमरीवर आले.

शेवटी चाचांनी शिवराई टाकली. तांब्याची, देखणी. चाचींना परसात अळू खणताना सापडलेली. चाची गेल्या तेव्हापासून ती चाचांच्या शर्टाच्या खिशात असायची. आम्ही तिघांनीही ती कितीदा मागितली होती, चाचा हातात द्यायचे आणि लगेच परत घ्यायचे. आता किंमत लावली होती फक्त दोनशे!

आमचा एक नियम आहे, चाचांनीच घातलेला. ज्या नाण्याला बोली नाही, ते मालकाच्या घरी परत, पुन्हा ग्रुपवर येणार नाही.

दुपार गेली. बाबल ऑनलाइन आला, काहीतरी टाइप करताना दिसला आणि गेला. नलूताईही आल्या आणि गेल्या. मी फोन पालथा घालून दुकानातल्या वह्या लावत बसलो.

दिवेलागणीला चाचांचा फोन.

"काय रे, एक पण बोली नाय?"

"नाय चाचा."

"दोनशेक सुद्धा?"

"नाय. आता तुमचोच नियम. घराक परत."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग एकदम कडाडले,

"इतकी वर्सां शिकयलंय तुमका, आणि एकाक पण नाण्याची पारख नाय!"

आणि फोन ठेवून दिला.