पापणीखालची चकती

माझ्या मोठ्या बहिणीचा डावा डोळा लहानपणीच देवीच्या रोगात गेला होता. उजव्याला कापणीत ज्वारीचं पातं लागलं, आणि ही गोष्ट तिने घरातल्या घरात ठेवली. ताईचं सासर नालवाडीच्या बाजूला. त्यांची भाजीची वाडी होती. वांगी, मिरच्या, मेथी असं सगळं वर्ध्याच्या बाजारात जायचं. डोळा लागल्यावरही ती आठवडाभर बाजारात बसली. मी सहज गेले तेव्हा पदराने डोळा झाकून वांगी तोडत होती. पदर बाजूला केला तर बुबुळावर पांढरा डाग आणि डोळ्यातून घाण येत होती.

"सांगतलं काऊन नाई?" मी विचारलं.

"तुले सांगतलं असतं तं तू दवाखान्यात नेलं असतं."

नेलंच.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. वर्ध्याजवळच्या एका दवाखान्यात औषधं बनवायच्या खोलीत मी नोकरीला होते. डोळ्यांचे थेंब, मलमं, भाजलेल्या जखमेवर ठेवायची व्हॅसलिनची जाळी, दाढ काढल्यावर खड्ड्यात भरायची लवंगतेलाची पट्टी, यातलं बरंच काही आम्ही तिथेच बनवायचो. बाहेरून यायला वेळ लागे आणि आलं तरी पुरत नसे.

डोळ्यांचे डॉक्टर पुण्याकडचे, मोजकं बोलणारे. त्यांनी ताईचा डोळा तपासला आणि मला बाजूला बोलावलं. "व्रण आहे. खोल गेला तर डोळा फुटेल. दुसरा डोळा नाहीच आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको."

ताईला भरती केलं. तासातासाला थेंब घालायचे होते. वॉर्डातल्या नर्स दिवसरात्र ते काम करत होत्या, त्यामुळे व्रणाची कड भरायला लागली. जरा बरं वाटताच ताईने घरी जायचा हट्ट धरला.

"घरी तासातासाला थेंब कोण घालणार?" डॉक्टरांनी विचारलं.

"सासू घालन."

"आणि त्या वाडीत गेल्या की?"

"मंग आल्यावर घालन."

"तुमच्या डोळ्यातलं पाणी थेंब धुऊन नेतं, बाई. आल्यावर घालून चालत नाही."

"अन् वांगे? ते काय तुमच्या नर्सबाई तोडन?"

आमच्याकडच्या बहुतेक रोग्यांची हीच अडचण होती. औषध चांगलं असायचं, पण डोळ्यात टिकायचं नाही, आणि तासातासाला घालायला घरी माणूस नसायचं. म्हणूनच डॉक्टरांनी माझ्याकडून गेलं वर्षभर एक गोष्ट करून घेतली होती. जिलेटिनची पातळ चकती, हरभऱ्याच्या डाळीपेक्षाही लहान. काचेवर जिलेटिनचा पातळ थर ओतायचा आणि वाळवायचा. नुसतं जिलेटिन डोळ्यात गेलं की लगेच विरघळतं, म्हणून तो थर फॉर्मलिनच्या वाफेवर धरायचा. त्याने तो घट्ट होतो. मग पुन्हा पुन्हा धुऊन फॉर्मलिन पूर्ण काढायचं, थर औषधात भिजवायचा, वाळवायचा आणि चकत्या कापायच्या. अशी चकती खालच्या पापणीच्या आत ठेवली की ओली होऊन मऊ पडते, आणि दिवसभर थोडं थोडं औषध सोडत विरघळत जाते. वाफ कमी झाली तर चकती तासाभरात संपते, जास्त झाली तर नखासारखी टोचते. आधी सशांच्या डोळ्यांत घालून पाहिलं. मग डॉक्टरांनी स्वतःच्या डोळ्यात घातली आणि तशीच ठेवून जेवले. रोग्यांपैकी काहींना दिली होती, त्यांना मानवली होती.

ताईला चकतीवर घरी सोडलं. मी सायकलने कामावर जाताना वाट वाकडी करून तिच्याकडे जायची, हात धुऊन पापणी ओढायची, चिमट्याने चकती ठेवायची आणि पुढे निघायची. दुसऱ्या दिवशी सकाळी पापणीखाली थोडा बुळबुळीत अंश उरलेला दिसायला हवा होता. काहीच दिसायचं नाही. वर डोळा पुन्हा लाल व्हायला लागला.

मी डॉक्टरांना सांगितलं. चकती लवकर विरघळते आहे, असा आम्हा दोघांचा समज झाला. दोघांनाही तेच सुचणार, दिवसभर तेच करत होतो ना. मी फॉर्मलिनची वाफ वाढवली. नवी चकती घातल्यावर ताई म्हणाली, "हे टोचते व." मी म्हटलं, थोडं सोस. दुसऱ्या दिवशी पुन्हा पापणी रिकामी आणि डोळा आणखी लाल. मी आणखी कडक चकती केली.

एके दिवशी दवाखान्याला अर्ध्या दिवसाची सुटी मिळाली आणि मी दुपारीच तिच्याकडे गेले. अंगणात ताई खाली बसली होती, मान मागे टाकून. तिची सासू तिच्यावर वाकून, दोन्ही हातांनी पापणी फाकवून, जिभेच्या टोकाने डोळ्यातून काहीतरी काढत होती. काढलं आणि बाजूला थुंकली.

मळणीच्या दिवसांत कुणाच्याही डोळ्यात कुसळ-कचरा गेला की आसपासचे लोक ताईच्या सासूकडेच यायचे. फडक्याने डोळा खुपतो, जीभ मऊ असते. त्यांचा हात, म्हणजे जीभ, चांगली होती. कितीतरी लोकांना आराम पडलेला मी स्वतः पाहिला होता. पण उघड्या व्रणावर थुंकी म्हणजे काय, हे मला माहीत होतं.

"मावशी, काय करून राह्यल्या?" मी जवळजवळ ओरडलेच.

"काही नाई व. तुह्या औषधाचा चोथा काढला," त्या शांतपणे म्हणाल्या. "सकायी तू घालून जाते, दुपारपर्यंत त्याचा रस निघून जाते. मंग खाली साल राह्यते अन् पोरीले टोचते. ऊस चघळला का चोथा थुकते ना मानूस?"

"रोज काढता?"

"रोज. हल्ली तं लय कडक येते."

ताई मधेच म्हणाली, "मलेही तसंच वाटलं. सालीत औषध कुठून राह्यन?"

मी भांडत बसले नाही. ताईला तशीच रिक्षात घातली. सासूही चढली. रोग्यासोबत घरचं माणूस राहायचंच, आणि त्या घरातलं तसं राहू शकणारं माणूस म्हणजे त्याच. दवाखान्यात डॉक्टरांनी डोळा पाहिला. व्रण पुन्हा पसरला होता. सगळं ऐकून घेतल्यावर ते मला म्हणाले, "पुन्हा भरती. पुन्हा तासातासाला थेंब. आणि यापुढे त्यांना घरी पाठवायचं तर आजींची खात्री तुम्ही द्यायची. नाहीतर मी सोडणार नाही."

ताई वॉर्डात. सासू तिच्या खाटेखाली चटई टाकून. ताई चिडलेली, सासू रागावलेली. आपण सेवा केली आणि आपल्यालाच बोल लावला, असं त्यांचं म्हणणं. नर्सने समजावलं, मी समजावलं. त्या मान हलवत, पण पटलेलं नव्हतं हे दिसत होतं.

मग मी एक चकती औषधाऐवजी मर्क्युरोक्रोममध्ये भिजवून वाळवली. गुडघे फुटले की लावायचं ते लाल औषध, ते त्यांना ठाऊक होतं. वॉर्डाच्या खिडकीत स्टीलच्या वाटीत कोमट पाणी घेतलं, त्यात चकती टाकली आणि वाटी त्यांच्या हाती दिली.

"मावशी, पाणी लाल झालं का फेकजा अन् दुसरं घालजा. चकती फेकू नका. रस कधी सरते ते मले सांगजा."

त्यांनी ते मन लावून केलं. त्यांना रिकामं बसवत नसे. पाणी लाल झालं, फेकलं, नवं घातलं. तेही हळूहळू लाल झालं. मी मधे येऊन पाहून जायची. दुपारी त्या ताईला म्हणत होत्या, "पाय ना व, अजून सुटूनच राह्यलं." ताई त्या डोळ्याने पाहू शकत नव्हती, पण हो म्हणाली. संध्याकाळी चकती फिकी झाली, पातळ झाली, पण पाण्यात अजून गुलाबी रेघ उतरत होती.

मी गेले तेव्हा त्या वाटीकडे पाहत होत्या.

"म्हंजे मी रोज औषधच काढून थुकत होती काय व?"

"हो."

त्यांनी वाटी खिडकीत ठेवली. मग म्हणाल्या, "तरीच माह्या जिभीले कडू लागे."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"कचऱ्याची चव कोन सांगते?"

ताई खाटेवर हसायला लागली आणि नर्सने तिला दटावलं, डोळ्यावर जोर देऊ नका म्हणून.

ही वाटीची गोष्ट मी डॉक्टरांना सांगितली. त्यांनी सासूला समोर बोलावून एवढंच विचारलं, "आजी, टोचलं तर काय कराल?" त्या म्हणाल्या, "हिले बोलावीन," आणि माझ्याकडे बोट केलं. व्रण आटोक्यात आल्यावर डॉक्टरांनी ताईला सोडलं. मी वाफ पुन्हा कमी केली आणि चकतीच्या कडा घासून गोल केल्या. त्यानंतर टोचल्याची तक्रार आली नाही.

मी सकाळी चकती ठेवायची. संध्याकाळी सासू पापणी खाली ओढून फक्त पाहायच्या. शेजारची एक बाई डोळा पाहायला म्हणून आली आणि पापणीला हात लावायला गेली, तर तिला त्यांनी "हात लावून तं पाय!" म्हणत अंगणाबाहेर काढली. डोळ्यातला कचरा काढायला लोक त्यांच्याकडे येतच राहिले, पण आधी त्या विचारायला लागल्या, दवाखान्यातून आला काय, डोळ्यात औषध तं नाई?

चकत्यांचं काम पुढे फार चाललं नाही. पावसाळ्यात काचेवर वाळत घातलेल्या जिलेटिनला बुरशी धरायची. दोन पावसाळे मी झगडले, मग डॉक्टरांची बदली झाली आणि नव्या डॉक्टरांना त्यात रस नव्हता.

ताईचा डोळा वाचला. बुबुळाच्या मधोमध पांढुरका डाग राहिला. डॉक्टरांनी जाण्याआधी समजावून सांगितलं होतं की उन्हात बाहुली आकसते आणि मग तिला डागातूनच पाहावं लागतं, सावलीत बाहुली मोठी होते आणि डागाच्या बाजूने दिसतं. ताईने हे लक्षात ठेवलं आणि त्याप्रमाणे दिवस बसवला. वांगी उजाडताच तोडायची. बाजारात कडुनिंबाखाली बसायची. तिथे आधी एक कांदेवाला बसायचा. तिने आपली टोपली त्याच्या जागेवर मांडली. मी त्या दिवशी बाजारात होते.

"बाई, हे माही जागा आहे," तो म्हणाला.

"मले सावलीतच दिसते."

"अन् मी काय उन्हात बसू?"

"बस ना. उन्हात तू मले दिसत नाई, भांडन होनार नाई."

तो बडबडत सरकला. ताईने टोपलीवरचं ओलं फडकं काढलं, वांगं हातात घेऊन डोळ्याजवळ नेलं, किडकं निघालं तसं बाजूला टाकलं आणि पुढचं उचललं.