फेरीच्या उलट दिशेने

पाहुण्यांच्या माणसांकडून परत आलेले फोन मी त्या दिवशी कोणाला पुसायला दिले नाहीत. एकाच्या जाळीत राजगिऱ्याच्या लाडवाचा चुरा अडकला होता. दुसऱ्याच्या बटणांवर गुटख्याचे तांबडे शिंतोडे वाळले होते. तिसऱ्याला अत्तराचा आणि तंबाखूचा असा मिश्र दर्प येत होता, की स्पिरिटचे बोळे कितीही फिरवले तरी तो माझ्या बोटांवरून जाईना. मला किळस आली. ती त्या लोकांची आहे, अशी माझी समजूत होती, आणि ती समजूत मला बरीच सोयीची होती.

माझा व्यवसाय थोडक्यात सांगायला हवा. जिथे मोबाइलची रेंज पोहोचत नाही, किंवा गर्दीमुळे ती कोलमडते, तिथे आम्ही तात्पुरते खासगी नेटवर्क उभारून देतो. प्रवासी बॅगेएवढी एक पेटी, तिची बॅटरी, घडी होणारा खांब आणि त्यावर अँटेना. पेटी सुरू झाली, की तिच्याशी जोडलेले फोन आपसांत बोलू लागतात, एकाचे बोलणे सगळ्यांना ऐकू येते; बाहेरच्या टॉवरची गरज उरत नाही. पूर, दरड, जंगलात हरवलेली माणसे अशा प्रसंगांसाठी ही योजना आहे. सातपूरच्या आमच्या शेडमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला मी हे वाक्य शांतपणे आणि काहीशा अभिमानाने ऐकवत असे.

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीची फेरी असते. असंख्य माणसे अनवाणी पायांनी डोंगराला प्रदक्षिणा घालतात. डोंगराच्या पाठीमागे रेंज नसते. वाटेवर सेवा देणाऱ्या एका मंडळाने त्या वर्षी आमचे नेटवर्क घेतले होते. प्रथमोपचाराच्या प्रत्येक चौकीवर एक फोन, रुग्णवाहिकेत एक, आणि गावातल्या मांडवात माझे टेबल. कानाला हेडफोन लावून मी सगळ्यांचे बोलणे ऐकत बसलो होतो.

सकाळी थोडा वेळ ते बोलणे कामाचे होते. कोणाच्या पायात काच गेली, कोणाला चक्कर आली, कुठे पाणी संपले. मग मंडळाच्या अध्यक्षांचे पाहुणे आले. अपेक्षेपेक्षा पुष्कळ जास्त आले, कुटुंबासह आले, आणि त्यांच्या दिमतीच्या प्रत्येकाला फोन हवा झाला. जादा म्हणून ठेवलेले सगळे फोन मी दिले. त्यानंतर माझ्या कानात जे ओतले जाऊ लागले, ते आजही आठवते. साहेबांच्या चपला कोणाकडे आहेत? वहिनींना उपवासाचा चिवडा नको, खिचडी हवी. फोटोवाला पुढे का नाही? बिनसाखरेचा चहा म्हटले होते, हा गोड कोणी पाठवला? दरडीखाली सापडलेल्या माणसासाठी राखलेल्या वाटेवरून खिचडीची वाटी चालली होती. मी ऐकत होतो आणि नम्रपणे हो म्हणत होतो.

तरी एक फोन कमी पडला. अध्यक्ष माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, “डोंगरामागच्या चौकीवरचा घेऊन या. तिथून सकाळपासून कोणी बोललंय का?”

कोणी बोलले नव्हते. मलाही तेव्हा ते पटले. जो फोन वाजत नाही तो रिकामा, असा हिशेब माझ्यासारख्या माणसाने करावा! न वाजणाऱ्या फोनांचेच तर आम्ही भाडे घेतो.

गाडीरस्ता जिथे संपतो तिथे रुग्णवाहिका उभी होती. तिथून चढण चढून मी मागच्या चौकीवर गेलो. एक निवृत्त परिचारिका ताडपत्रीखाली बसून लोकांच्या तळपायांवर औषध लावत होत्या. सगळे त्यांना सिस्टर म्हणत. मी कारण सांगितले. पाहुण्यांचे नाव मात्र घेतले नाही, तांत्रिक गरज असे म्हटले.

“न्या,” त्या मान वर न करता म्हणाल्या. “आम्हाला कुठं चहा मागवायचाय.”

म्हणजे त्यांनीही सकाळपासून सगळे ऐकले होते. फोन पिशवीत टाकून मी आलो त्याच वाटेने, फेरीच्या उलट दिशेने, खाली उतरलो. त्या वाटेने कोणी उलटे जात नाही. फेरी मोडते, असे मानतात. पाणी विसरलेला माणूससुद्धा मागे वळत नाही. मला मात्र कोणी अडवले नाही. माझ्या गळ्यात ओळखपत्र होते.

पुढचे मला सिस्टरांकडून समजले. मी गेल्यानंतर थोड्याच वेळात निफाडकडच्या एक साठीच्या बाई चौकीपाशी खाली बसल्या. तोंड वाकडे झाले, उजवा हात उचलेना. बरोबर त्यांची सून होती. रुग्णवाहिका उताराखाली, हाक ऐकू येणार नाही पण चालत सहज गाठता येईल इतक्या अंतरावर. सिस्टरांना आजारी बाईंना सोडून जाता येईना. त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्यांना खाली जाऊन सांगण्याची विनंती केली. येणारेच होते, जाणारे कोणी नव्हते. लोक थांबले, हळहळले, एकाने आपली शाल काढून दिली. पण मागे वळायला कोणी तयार होईना. पुढच्या चौकीला सांगतो, असे म्हणत भलेपणाने सगळे पुढे निघून गेले. तो निरोप पायी डोंगराला वळसा घालत पुढच्या चौकीवर आणि तिथल्या फोनवरून माझ्या टेबलाशी पोहोचला तेव्हा त्याचा काही उपयोग उरला नव्हता.

शेवटी सून उलटी धावली. चिखलात, वर येणाऱ्या गर्दीला चिरत. नंतर तिच्याकडून ऐकलेले सिस्टर सांगत होत्या, की तिला लोक दोन्ही बाजूंनी टोकत होते. एकजण तर हात आडवा घालून म्हणाला, “ताई, फेरी मोडू नका, पाप लागतं.” तिने तो हात बाजूला केला आणि रुग्णवाहिका गाठली.

बाई वाचल्या. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. नाशिकच्या डॉक्टरांनी वेळेबद्दल जे सांगितले ते मी येथे लिहीत नाही. मला ते पाठ आहे.

मंडळाच्या समारोपात मला शाल-श्रीफळ मिळाले. भाषणात आमच्या नेटवर्कची स्तुती झाली. मी हात जोडले.

काही आठवड्यांनी सिस्टरांचा फोन आला. त्या बाईंना पाहायला जाऊन आल्या होत्या. घरात सगळे सुनेला बोलतात, म्हणाल्या. हिने फेरी मोडली म्हणून सासू अशी झाली. आजार आधी आणि धावणे नंतर, एवढा साधा क्रमही कोणी मनात घेत नाही. सुनेला सासूच्या खोलीत जेवणाचे ताटसुद्धा नेऊ देत नाहीत. मग त्या म्हणाल्या, “मी सांगून थकले. तुम्ही सांगाल?”

मी गेलो. द्राक्षबागेतले नीटनेटके घर होते. ओसरीवर बाईंचे पती आणि मुलगा बसले होते, मला खुर्ची दिली गेली. आतल्या दारात ती तरुण सून उभी होती. मी वाक्ये मनात रचून आलो होतो आणि ती तशीच बोललो. चौकीवर फोन होता, तो मी स्वतः काढून नेला, पाहुण्यांच्या सोयीसाठी नेला. तो तिथे असता तर यांना धावावेच लागले नसते. दोष माझा आहे, यांचा नाही. यांच्यामुळे आई वाचल्या.

म्हाताऱ्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. “असं मनाला लावून घेऊ नका साहेब. तुमचा काय दोष? एवढ्या लांब आलात, लय झालं.” मग दाराकडे न बघताच ते म्हणाले, “घरचंच माणूस चुकलं, तिथं तुम्ही काय करणार.” मुलाने मान हलवली आणि चहा सांगितला.

मला क्षमा मिळाली होती. मागण्याआधीच, फुकट, बहुधा माझ्या गाडीकडे पाहून. तिच्यासाठी त्या घरात तेवढीही शिल्लक नव्हती. आणि खरी शिसारी मला पुढच्या क्षणाची येते. म्हाताऱ्यांचा हात गुडघ्यावर असताना माझ्या छातीवरचे ओझे उतरले. मी चक्क हलका झालो. मी पुन्हा एकदा तेच म्हणालो, या वेळी थोडे मोठ्याने. पण हलक्या झालेल्या माणसाच्या आवाजात जोर कसला असणार? ते दोघे सौजन्याने ऐकत राहिले.

निघताना फाटक उघडायला ती आली. मी तिची माफी मागू लागलो. तिने मागे ओसरीकडे एकदा पाहिले.

“कशाला आलात, भाऊ?” ती हळू आवाजात म्हणाली. “आता म्हणतील, हिनंच पढवून आणलाय.”

तिने फाटकाची कडी लावली आणि घराकडे वळली. आतून कोणीतरी, खूप वेळ लावलास, असे म्हणाल्याचे मला ऐकू आले.