बाबांचे लाडके टॉर्चवाले चाचा

टॉर्चवाले चाचा भरदुपारच्या उन्हातसुद्धा टॉर्च मारून बघायचे. वांगं असो, पेरू असो, की आमच्या मिलमधली तुरीची डाळ असो, खिशातून पेनाएवढा टॉर्च निघायचा, वस्तूवर तिरपा उजेड पडायचा आणि चाचांचा डावा डोळा मिटायचा. अकोल्याच्या भाजीबाजारात बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. "काय चाचा, वांगं पसंत पडलं का?" असं एकीनं विचारलं, तर चाचा गंभीरपणे म्हणाले, "देठापाशी भोक हाय बाई. हे स्थळ नाई जमत."

हसायचो मीही, पण खोटं कशाला बोलू, मी त्यांच्यावर जळायचो. मी अमरावतीहून इलेक्ट्रॉनिक्सची डिग्री घेऊन आलेला मालकाचा मुलगा. चाचा बाळापूरचे, सातवी पास. आधी रेडिओ, मग सीडी प्लेअर, मग झेरॉक्सची मशीन दुरुस्त करता करता ते या उजेडाच्या नादी लागले होते. तरी मिलमध्ये काही अडलं की बाबा माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत ओरडायचे, "उस्तादले बोलवा!" अरे, मी समोर उभा आहे ना! बाबांनी एकदा, फक्त एकदा, मला विचारावं, एवढीच माझी इच्छा होती.

या उस्तादकीची सुरुवात एका जुन्या सॉर्टरपासून, म्हणजे डाळ निवडणाऱ्या मशीनपासून झाली. एका बंद पडलेल्या मिलमधून बाबांनी ती मशीन उचलून आणली. तिच्यात डाळ घसरगुंडीवरून धारेनं पडते, धारेवर उजेड असतो, समोर कॅमेरा असतो आणि काळा दाणा दिसला की हवेची फुंकर त्याला बाजूला उडवते. मी पंधरा दिवस तिच्याशी झटलो आणि भंगारात द्या म्हणून सांगितलं. चाचांनी आतल्या जुनाट ट्यूब काढल्या, एलईडीच्या पट्ट्या स्वतः सोल्डर करून बसवल्या आणि तिसऱ्या दिवशी मशीन चालू! बाबा बघतच राहिले. चाचा म्हणाले, "उजेड तं चुलीचाबी असते, शेटजी. त्याले कामाले लावता आलं पाह्यजे."

आणि लागला की कामाला! पूर्वी आमची डाळ फार तर अमरावतीपर्यंत जायची, ती आता सुरत आणि हैदराबादला जाऊ लागली. बाबांनी शेजारचं गोदाम घेतलं, माणसं वाढवली. आजूबाजूच्या मिलवाले मशीन बघायला यायचे, तेव्हा बाबा चाचांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, "हा आमचा उस्ताद." माझी ओळख करून द्यायची वेळ आली, की नुसतं, "हे पोरगं." माझा नुसता तिळपापड व्हायचा.

मशीन आली म्हणून डाळ निवडणाऱ्या बायका धास्तावल्या होत्या. मशीनवर आयटीआय झालेला कुणीतरी ठेवू, असं मी म्हणालो. चाचांनी शोभाबाईला पुढे केलं. ती वीस वर्षं आमच्या अंगणात बसून डाळ निवडत होती. "पोतंभर डाळीत एक खडा पकडणारी नजर हाय तिची. तिले बटन काहून नाई समजणार?" आठवड्याभरात शोभाबाई मशीन चालवू लागली, आणि बाकीच्या बायकांना नव्या गोदामात काम मिळालं. शोभाबाई चाचांसाठी घरून ठेचा आणायची. मला नुसती मान हलवायची. मी त्या ठेच्यावरसुद्धा जळलो आहे, आता काय सांगू!

पण खरी गंमत दसऱ्याची. दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन चांगली डाळ धडाधड बाहेर फेकू लागली. मी लॅपटॉप जोडून सगळी सेटिंग बदलली, आणि संध्याकाळी जाहीर केलं, की कॅमेरा गेला, नवा घ्यावा लागेल. बाबांचा चेहरा उतरला. चाचा आले. टॉर्च मारला, डावा डोळा मिटला, मग काचेवरून बोट फिरवून ते नाकाशी नेलं आणि माझ्याकडे पाहिलं. आदल्या दिवशी मशीनच्या पूजेच्या वेळी कॅमेऱ्यासमोरच्या काचेवर हळदीचं स्वस्तिक मीच काढलं होतं. नंतर पुसलं, पण पिवळा थर तसाच राहिला होता. चाचांनी रुमालानं काच लख्ख केली. बाबांनी विचारलं, "काय झालं होतं?" "धूळ बसली होती, शेटजी. हंगामात होते असं."

नंतर चहा पिताना मला एवढंच म्हणाले, "पूजा करा, इंजिनेरसाहेब. पन तिच्या डोळ्यात हळद नोका घालू." मी त्यांचे आभार मानायला हवे होते. मानले नाहीत. माझी चूक झाकून हा माणूस आणखी मोठा झाला, याचाच राग आला.

पुढे अमरावतीजवळच्या नांदगाव पेठेतल्या कापडवाल्यांनी त्यांना बोलावलं. धावत्या कापडातली तुटकी सुतं उजेडात पकडणारी त्यांची एलईडीची पट्टी तिथे फार गाजली, आणि चाचांनी तिथेच स्वतःचं वर्कशॉप टाकायचं ठरवलं. बाबांनी त्यांना थांबवण्यासाठी, माझ्यादेखत, मिलमध्ये चार आणे भागी देऊ केली. मला कधी कुणी एक आणाही देऊ केला नव्हता. हातातला चहा मी तसाच खाली ठेवला. चाचा हसून म्हणाले, "तुमचा पोरगा हाय ना, शेटजी." त्यांना स्टँडवर सोडायला मीच गेलो. बस हलली आणि मी, लाज वाटते सांगायला, खुशीत दोन गरम कचोऱ्या खाल्ल्या.

महिन्याभरानं बाबांनी मला ऑफिसात बोलावून घेतलं. "बस. दुसरी मशीन घ्यावी म्हन्तो. तुले काय वाटते?"

अकरा वर्षं मी या प्रश्नाची वाट बघत होतो. मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाबा म्हणाले, "उस्ताद जातानी सांगून गेला, पोराले इचारत जा, त्याले समजते."

म्हणजे हेसुद्धा त्यांनीच दिलं होतं! संताप आला, रडूही आलं. तरी आवाज शक्य तितका भारदस्त करून मी म्हणालो, "घेऊ. कोणती ते उद्या सांगतो." मग गोदामामागे जाऊन फोन लावला.

"बोला, इंजिनेरसाहेब," पलीकडून आवाज आला. "शेटजीनं इचारलं वाटते?"