दोन्हीकडच्या जखमा

औषधांच्या दुकानात काउंटरमागे त्याची एकतीस वर्षं गेली. गिऱ्हाइकं त्याला 'अर्धे डॉक्टर' म्हणत, आणि त्यालाही ते आवडे. "ही उपाशीपोटी घेऊ नका हं," असं तो दिवसातून पन्नासदा बजावी.

अर्ध्या डॉक्टरांचे स्वतःचे गुडघे मात्र उभं राहून राहून कुरकुरू लागले होते. कुणी दहाच्या पाकिटातल्या सहाच गोळ्या नेल्या की कापून उरलेला तुकडा एका डब्यात पडे. त्यातल्या दुखण्यावरच्या दोन गोळ्या तो रोज दुकान उघडताच, चहाही न घेता, गिळून टाकी. असं चार वर्षं चाललं.

पोटात आग पडू लागली तेव्हा दुर्बिणीतून तपासणी झाली. एक जखम जठरात, दुसरी पुढच्या आतड्याच्या तोंडाशी.

"दोन्हीकडे एकदम?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "दुखण्याच्या गोळ्या घेता का?"

"छे," तो म्हणाला. जगाला शहाणपण शिकवणाऱ्यानं कुठल्या तोंडानं हो म्हणायचं?

मग खापर फुटलं ते बायकोच्या स्वयंपाकावर. "वहिनीचा हात तिखटाला जरा सैलच," त्याची धाकटी बहीण चारचौघांत म्हणाली. तो तिथंच होता, पेपरात तोंड खुपसून. दुसऱ्या दिवसापासून घरातली मिरची बंद झाली. बायकोही त्याच्यासारखंच मिळमिळीत जेवू लागली. डब्यातल्या गोळ्या तेवढ्या चालू राहिल्या.

तीन महिने औषध घेतल्यावर पुन्हा तपासणी झाली. जखमा होत्या तशाच. डॉक्टरीणबाई रिपोर्ट उलटसुलट करत राहिल्या. बायको खुर्चीच्या कडेला सरकली.

"बाई, तिखट बंद केलं, आंबट बंद केलं. आता मी आणखी काय कमी करू?"

त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "तिचं काही चुकलं नाही," तो फरशीकडे बघत म्हणाला. "गोळ्या घेतो मी. रोज दोन. उपाशीपोटी."

"तुम्ही औषधांच्या दुकानात असता ना?"

"हो."

डॉक्टरीणबाईंनी पेन उचललं. "आजपासून बंद. गुडघ्यांचं वेगळं बघू. मग या जखमा भरायला हव्यात."

दोघं जिना उतरली. खाली आल्यावर बायको म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही पेपर वाचत होतात."

"चुकलंच माझं."

"मला नका सांगू. वन्सं चारचौघांत बोलल्या होत्या. तुम्ही निदान त्यांना एकट्यांना तरी सांगा." तिनं पर्समधून फोन काढला, नंबर लावला आणि त्याच्या हातात दिला. "वाजतोय."

त्यानं फोन कानाला लावला. ती दोन पावलं बाजूला झाली, पण ऐकू येईल इतकीच.